भांड्याला भांडं कधी लागतं?

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की विसेक किलोमीटरवर सोनगीर येतं. वर किल्ल्याचा डोंगर, खाली गाव, आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम. हातोडीचे ठोके इथे वर्षभर सारखे ऐकू येत नाहीत. लगीनसराई तोंडावर आली की वाढतात, पावसाळ्यात मंदावतात. भांड्यांच्या या गावातही एक म्हण लहानपणापासून कानावर पडते, ती साऱ्या महाराष्ट्राचीच आहे: घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. रुसून माहेरी आलेल्या लेकीला समजावून परत धाडताना हीच म्हण पुढे केली जाते.

म्हण खरी आहे, पण अर्धी. भांड्याला भांडं बाराही महिने सारखं लागत नाही. काही महिने घर गुण्यागोविंदाने चालतं आणि काही महिन्यांत भाजीत मीठ कमी पडलं एवढ्यावरून ताट सरकवलं जातं. ते महिने कोणते आणि तेच का, याचा हा आढावा. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. नवरा-बायकोच्या भांडणात आपण नेहमी माणसाला दोष देतो. त्यातला बराचसा दोष महिन्याचा असतो. महिना ओळखता आला, तर माणसाला दूषण देण्याची वेळ पुष्कळदा टळते.

अभ्यास काय सांगतात

या प्रश्नावर सर्वांत जास्त चर्चा झाली ती अमेरिकेतल्या एका अभ्यासाची. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युली ब्राइन्स आणि ब्रायन सेराफिनी या समाजशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2015 या काळात दाखल झालेले घटस्फोटाचे अर्ज महिन्यावार मांडले. 2016 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: अर्ज वर्षातून दोनदा चढतात, मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये. म्हणजे हिवाळ्यातला नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी उलटून गेल्यावर. त्यांचं म्हणणं असं की सणासुदीत आणि सुट्टीत जोडपी आस धरून बसतात. या वेळी सगळे एकत्र येऊ, नीट होईल, नव्याने सुरुवात करू. सण येतो, जातो, आणि काहीच बदललेलं नसतं. त्या अपेक्षाभंगातून माणसं निर्णयाला येतात.

त्याच्याही खूप आधी, 1967 साली, थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी आयुष्यातल्या ताणांना गुण देणारी एक यादी तयार केली होती. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, लग्नाला 50, नवरा-बायकोतली भांडणं वाढण्याला 35, सासरच्या माणसांशी खटके उडण्याला 29. त्याच यादीत सुट्टीला 13 आणि नाताळला 12 गुण आहेत. सुट्टी आणि सण आनंदाचे असले तरी तेही अंगावर ओझं टाकतात, हे त्या यादीने अधोरेखित केलं. एकेकटे हे गुण किरकोळ आहेत. पण एकाच महिन्यात सण, पाहुणे, कर्ज आणि सासर एकत्र आले की बेरीज मोठी होते.

परदेशातले मार्च आणि ऑगस्ट मात्र जसेच्या तसे आपल्याकडे आणता येत नाहीत. आपल्या गावातलं भांडण कोर्टात पोचतच नाही. ते आधी ओट्यावर, मग भाऊबंदकीत, मग लेकीच्या माहेरी पोचतं आणि बहुतेकदा तिथेच मिटतं किंवा मुरतं. कोर्टातला आकडा हा भांडणाचा शेवट मोजतो, त्याचा हंगाम मोजत नाही. हंगाम पाहायचा असेल तर खान्देशाचं वर्षच महिन्यामागून महिना पाहावं लागतं.

मार्चअखेर: नवं-जुनं

सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते, नाही भरलं तर खातं थकीत होतं आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. म्हणून फेब्रुवारी संपला की घराघरांत एकच शब्द घोळायला लागतो, ‘नवं-जुनं’. हातउसने किंवा व्याजाने पैसे आणायचे, जुनं कर्ज फेडायचं, लगेच नवं उचलायचं आणि आणलेले पैसे परत करायचे. चार-आठ दिवसांचा हा खेळ. पण त्या दिवसांसाठी हात पसरावा लागतो, आणि तो पुष्कळदा बायकोच्या माहेराकडे. नाहीतर तिची पोत गहाण पडते.

पोत म्हणजे आमच्याकडे मंगळसूत्र. ती देताना बायको नाही म्हणत नाही. पण ती परत येईपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला तिची मान तिला आठवण करून देते. एप्रिलमध्ये एखाद्या साध्या गोष्टीवरून ती चिडते, तेव्हा नवऱ्याला वाटतं हिला झालंय काय. झालेलं मार्चमध्ये असतं.

उन्हाळा: ऊन, लग्नं आणि आखाजी

मग ऊन चढतं. जळगाव-भुसावळचा मे महिना साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पारा 45 च्या घरात जातो. धुळ्याकडे त्याहून फार वेगळं नसतं. पत्र्याच्या घरात रात्री बारापर्यंत झोप लागत नाही, त्यात लाइट जाते, आणि पाणी भरायला पहाटे उठावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या एमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी जोडप्यांच्या झोपेचा अभ्यास केला. रात्रीची झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी जोडप्यात खटके जास्त उडतात, आणि एकमेकांच्या मनातलं ओळखण्याची ताकदही कमी होते, असं त्यांना आढळलं. त्याला दोघांची झोप उडायची गरज नाही, एकाची पुरते.

याच उन्हात आखाजी येते. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घेण्याचा मुहूर्त असेल, खान्देशात ती दिवाळीएवढी मोठी. पितरांची घागर भरायची, आमरस-पुरणपोळीचा स्वयंपाक, झाडाला झोके आणि माहेरी आलेल्या लेकी. सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. म्हणजे ज्या घरात सालदार आहे तिथे पैसे द्यायचे, आणि जो सालदार आहे त्याच्या घरात वर्षाच्या उचलीचा हिशोब व्हायचा. हिशोबात हाती काय उरलं हे त्या दिवशी बायकोलाही कळतं. त्यातच आखाजीला पत्ते कुटण्याची जुनी रीत. बायका झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि पुरुष सावलीत डाव मांडून बसतात. डाव पैशांचा असला, तर घागरीचा सण संपता संपता त्या घरात वाद पेटतो. सणाच्या दिवशी झालेली ही भांडणं बायका वर्षभर विसरत नाहीत.

वैशाखातल्या लग्नांचं ओझं वेगळं. कोणाला किती आहेर, कोणाकडे लुगडं, कोणाला नुसतं पाकीट. नवऱ्याच्या बहिणीच्या घरचं लग्न आणि बायकोच्या भावाच्या घरचं लग्न एकाच आठवड्यात आलं, तर आहेराची तुलना टळत नाही. ती उघड बोलली गेली तर वाद होतो आणि पोटात ठेवली तर पुढच्या वादाला सरपण मिळतं.

मृग: सगळ्या मागण्या एका दारात

माझ्या मते खान्देशातल्या संसाराचा सर्वांत अवघड पंधरवडा जूनचा. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागतं, मृग 7-8 जूनला. पेरणीचे दिवस. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला भाव 2025 साली 901 रुपये होता. एकराला साधारण दोन पाकिटं धरली तर पाच एकरांना नुसत्या बियाण्याचेच नऊ हजार. खत, मजुरी वेगळी. त्याच आठवड्यात शाळा उघडते. दप्तर, वह्या, गणवेश, रिक्षाचे पैसे. लग्नांची उसनवारी अजून फिटलेली नसते. आणि आभाळ कोरडं असतं.

पैशाची चणचण माणसाच्या डोक्याचं काय करते, यावर भारतातच एक मोठा अभ्यास झाला. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला. तमिळनाडूतल्या 54 गावांमधल्या 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर विचारशक्तीची परीक्षा घेतली गेली. तोच माणूस, तीच परीक्षा, पण तोडणीआधी हातात पैसा नसताना त्याची कामगिरी स्पष्टपणे खालची होती. मन पैशाच्या विवंचनेत एवढं गुंतलेलं असतं की बाकी गोष्टींना जागाच उरत नाही, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. जूनमध्ये “मी सकाळी सांगितलं होतं ना” असं बायको म्हणते आणि नवऱ्याला ते खरोखर आठवत नाही, तेव्हा हा अभ्यास मला आठवतो. त्याने दुर्लक्ष केलेलं नसतं, डोकं भरलेलं असतं. तिचंही तसंच असतं.

अधिक मास आला की त्यात धोंड्याची भर पडते. साधारण पावणेतीन वर्षांनी हा महिना येतो. जावयाला वाण द्यायचं, अनारसे, चांदीची एखादी वस्तू, कपडे. 2023 साली श्रावण अधिक होता. 2026 साली ज्येष्ठ अधिक, 17 मे ते 15 जून, म्हणजे नेमका बियाण्याचा महिना. अधिकात लग्नं होत नाहीत, तेवढा दिलासा. पण जावयाचं वाण आणि कपाशीचं बी एकाच खिशातून जायचं.

श्रावण आणि दिवाळी: माणसं वाढतात, हात वाढत नाहीत

पेरण्या होऊन पिकं उभी राहिली की घर जरा मोकळं होतं. त्या श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशाची देवी कानबाई येते. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, नाशिक-पुण्यात, मुंबईत पोटासाठी गेलेला खान्देशी माणूस कानबाईला गावी येतोच. नैवेद्याचे रोट भाऊबंदकीचे, त्यामुळे चार भावांची चार घरं एका छपराखाली जमतात. पुरुषांना हा आनंदाचा मेळा. बायकांना दळण, सोवळं, पुरण आणि पन्नास माणसांची भांडी. त्यात थोरलीने किती केलं आणि धाकटी शहरातून येऊन नुसती नटून बसली, हा हिशोब रात्री नवऱ्याच्या कानावर जातो. तो आपल्या भावाची बाजू घेतो. भांडण दोन जावांचं, पण ते होतं नवरा-बायकोत.

या रागाच्या मुळाशी काम आहे, स्वभाव नाही. केंद्र सरकारच्या 2024 सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला 289 मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष 88 मिनिटं, असं दिसलं. सण आला की ही 289 मिनिटं वाढतात, 88 तेवढीच राहतात. सणातली बरीच भांडणं या दोन आकड्यांच्या अंतरात होतात.

दिवाळीत त्यात कापूस वेचणीची भर पडते. दिवसभर ओटीत कापूस आणि संध्याकाळी करंज्या. नंतर पैसा येतो, आणि पैसा आल्यावरचं भांडण नसतानाच्या भांडणापेक्षा कमी नसतं. नसताना दोघं मिळून परिस्थितीवर चिडतात. आल्यावर तो कुठे घालायचा, यावर एकमेकांवर.

2023 च्या सुरुवातीचा तो हंगाम खान्देशातलं शेतकरी घर विसरणार नाही. आदल्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्यामुळे आठ हजारांच्या आसपासचा भाव कोणाच्या मनाला पटेना, आणि घरोघर कापूस थांबवून ठेवला गेला. आमच्याकडे पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा ढीग होता. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. पोरांच्या हातापायांवर पुरळ आलं होतं. चौघांची अंथरुणं स्वयंपाकघरात चुलीलगत दाटीवाटीने पडायची. वहिनी रोज संध्याकाळी म्हणायची, “इकी टाका आते,” विकून टाका आता. दादा म्हणायचा, “थांब, भाव वाढी.” भाव वाढला नाही, उन्हाळ्यापर्यंत उतरत गेला. त्या तीन महिन्यांत दोघांचं जेवढं भांडण झालं, तेवढं त्यांच्या पंधरा वर्षांच्या संसारात झालं नसेल. आणि वाद कधीच भावावरून नसायचा. तो अंथरुणावरून, पोरांच्या औषधावरून, पाण्याच्या तांब्यावरून व्हायचा. खाली खरा प्रश्न एकच होता: या घरात माझ्या शब्दाला वजन आहे की नाही.

मग मूळ कारण कोणतं?

ऊन, झोप, पैसा, पाहुणे, कामाचा बोजा, सणाची आस, यांतलं एकटं कारण क्वचितच पुरेसं असतं. उन्हाळा दरवर्षी येतो, पण ज्या वर्षी कापूस चांगला पिकला त्या वर्षीचा मे घराला तेवढा जाळत नाही. कानबाईही दरवर्षी येते, पण ज्या घरात पुरुष पाणी भरतात आणि पंगत वाढतात तिथे ती गोड जाते. माझ्या मते पैसा हा पाया, बाकी त्यावरचं बांधकाम.

याला आधार देणारं सर्वांत भक्कम काम शेतकऱ्यांवरच झालेलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1980 च्या दशकात शेतीवर मोठं अरिष्ट आलं. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी 1989 पासून तिथल्या 451 ग्रामीण कुटुंबांचा माग ठेवला. पैशाची ओढाताण आधी माणसाला खिन्न आणि चिडका करते, मग तो चिडकेपणा जोडीदारावर निघतो, आणि मग संसार उसवतो, अशी साखळी त्यांना दिसली. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. अडचणीवर दोघं मिळून नीट तोडगा काढू शकणाऱ्या जोडप्यांत ही साखळी तुटते. तेवढाच पैसा कमी, तेवढंच कर्ज, पण संसार टिकतो. आयोवा आणि सोनगीर यांत सातासमुद्रांचं अंतर आहे, पण पावसाकडे डोळे लावून बसलेलं घर दोन्हीकडे सारखंच असावं.

जुन्या पंचांगातली फट

आपल्या जुन्या वर्षात या ताणाला एक फट ठेवलेली होती, ती म्हणजे माहेर. आखाजीला मुराळी न्यायला यायचा. पंचमीला, दिवाळी-भाऊबीजेलाही लेक माहेरी जायची. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) माहेरावर आणि आखाजीवर लिहिलं ते उगाच नाही. सासरी राबणाऱ्या बाईच्या वर्षात तो श्वास होता.

सोनगीरच्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागत नाही. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो. कडक झालेल्यावर ठोके चालू ठेवले तर तडा जातो. म्हणून तो मधेच तापवून नरम करून घेतात आणि मग पुढचे ठोके घालतात. माहेरचे आठ-पंधरा दिवस असेच नरम करणारे होते. एकमेकांपासून दूर राहून दोघांनाही एकमेकांची किंमत कळायची.

ती व्यवस्था निर्दोष होती असं मी म्हणत नाही. ज्या बाईला माहेरच उरलं नव्हतं तिला ही फट नव्हती. पुरुषाला तर कधीच नव्हती, तो पारावर किंवा पत्त्यांच्या डावात ती शोधायचा. आता मात्र तीही बुजत चालली आहे. पोरांचे क्लास, दोघांच्या नोकऱ्या, सुरतेच्या कारखान्यातली मोजकी रजा. लेक आखाजीला सकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. ओझी होती तेवढीच राहिली, श्वास तेवढा गेला.

हंगाम सबब नव्हे

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितलीच पाहिजे. भांडण आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2023 साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तानातल्या 1,94,871 महिलांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात, सरासरी तापमान एका अंशाने वाढलं की जोडीदाराकडून होणारी हिंसा साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढते, असं दिसलं. याचा अर्थ उन्हाने हात उचलला असा कोणी लावू नये. त्याच उन्हात असंख्य घरांत कोणी कोणावर हात उचलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित महिलांपैकी सुमारे चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. तिथे “महिनाच वाईट होता” हे उत्तर चालत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, 181 आणि 112 हे क्रमांक आहेत, आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावणं हेही कर्तव्य आहे. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ ही म्हण अशा घरासाठी वापरणं पाप आहे.

आधी पाहून ठेवावं

उरलेल्या, साध्या, भांडकुदळ पण मायेच्या घरांसाठी मात्र हंगाम ओळखण्याचा उपयोग मोठा आहे. आपण पावसाच्या आधी घर शाकारतो. मृगाआधी औताची डागडुजी करतो. मग जूनचं भांडण दरवर्षी अचानक आल्यासारखं का घ्यावं?

घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटींत दुधाचा हिशोब असतो, सिलिंडर लागल्याची तारीख असते. त्यावरच दोघांनी मिळून अवघड आठवड्यांवर खूण करावी. मार्चचा शेवटचा आठवडा. आखाजी. मृगाचा पंधरवडा. कानबाई. कापूस विकायचे दिवस. खूण केली की दोन गोष्टी होतात. पैशाचं बोलणं गरजेच्या दिवशी न होता महिनाभर आधी होतं. आणि त्या आठवड्यात समोरच्याचा आवाज चढला, तर आपल्याला कारण ठाऊक असतं. पुरुषांनी आणखी एक करावं. सणाच्या कामातलं एक काम पूर्ण आपलं म्हणून घ्यावं, मदत म्हणून नव्हे. आणि लेकीला आखाजीला निदान चार दिवस राहू द्यावं, क्लास बुडाला तरी.

दादा-वहिनींनी पुढच्या हंगामात असंच केलं. दसऱ्यालाच बसून ठरवलं: अर्धा कापूस संक्रांतीच्या आत विकायचा, मग भाव काहीही असो, आणि उरलेला अर्धा दादाच्या मनाप्रमाणे थांबवायचा. अर्धा शब्द तिचा, अर्धा त्याचा. त्या वर्षी शेवटी भाव काय मिळाला ते मला आठवत नाही. पुढच्या खोलीत चौघांची अंथरुणं मावत होती, एवढं आठवतं.